रणगाडा आता भंगारात काढायचा का?

घाटावरचा:
काल मित्राशी वाद झाला म्हणून इथे टाकतोय. युक्रेनमध्ये जी एफपीव्ही ड्रोन वापरतात, गॉगल लावून उडवायची चार पंख्यांची, ती पडतात 400-500 डॉलरला म्हणजे चाळीसेक हजार रुपये, बरा मोबाईल याहून महाग येतो. आणि आदळतात कशावर तर कोट्यवधींच्या रणगाड्यावर. अमेरिकेने दिलेले एब्रम्स रणगाडे एप्रिल 2024 मध्ये आघाडीवरून मागे घेतले ते याच भीतीने. 1 जून 2025 चं स्पायडरवेब, युक्रेनने रशियात घुसून केलेला हल्ला, तर आठवत असेलच, ट्रकवर लाकडी केबिन, केबिनच्या छपरात लपवलेली ड्रोन, एकूण 117, छप्पर उघडलं की भुर्र, आणि पार सायबेरियातल्या बेलाया तळावरची बॉम्बर विमानं उभ्या जागी पेटली. मग टँकवर पैसे कशाला घालवायचे सांगा.

खडूस_अण्णा:
भुर्र काय भुर्र. दीड वर्ष तयारी चालली होती त्याची. शत्रूच्या देशात ट्रक, ड्रायव्हर, जागा, मागे अख्खी गुप्तहेर यंत्रणा. याला स्वस्त म्हणायचं म्हणजे लग्नाच्या खर्चात फक्त अक्षता धरायच्या आणि हॉल नि जेवणावळ सोडून द्यायची. युक्रेन म्हणालं 41 विमानं, अमेरिकन अधिकाऱ्यांचा अंदाज वीसेक, त्यातली पूर्ण गेली दहाच्या आसपास. आणि लंडनच्या रॉयल युनायटेड सर्व्हिसेस इन्स्टिट्यूटचा 2025 चा अहवाल वाचा, 60 ते 80 टक्के एफपीव्ही लक्ष्यापर्यंत पोचतच नाहीत. रेडिओ सिग्नल अडवणारे जॅमर आहेत, हवा खराब असते.

घाटावरचा:
अण्णा, त्याच अहवालातलं पुढचं सोयीस्कर गाळलंत. रशियाची जी वाहनं-शस्त्रं निकामी होतात त्यातली 60-70 टक्के ड्रोनमुळेच. पाचातली चार वाया गेली तरी अडीच हजार डॉलर, परवडतंय की. आणि जॅमरलाही उत्तर आलंय, ऑप्टिकल फायबरचं रीळ लावून उडवतात, पतंगाच्या मांजासारखा धागा मागे सुटत जातो दहा-वीस किमी, रेडिओच नाही तर जाम काय करणार?

देवळालीचा_गनर:
एका ड्रोनमध्ये रणगाडा संपतो असं नसतं हो. पहिल्याने चेन तुटते, गाडी जागेवर बसते, क्रू बाहेर पडतो, मग उरलेली येऊन काम पुरं करतात.
आता मी निवृत्त तोफखानावाला, तेव्हा पक्षपात गृहीत धरा. मे 2025 मध्ये पाकिस्तानने एका रात्रीत 36 ठिकाणी 300-400 ड्रोन पाठवली असं सरकारनेच सांगितलं. त्यांच्याशी गाठ पडली एल-70 ची, शिल्काची, दोन्ही जुन्या विमानविरोधी तोफा. एल-70 म्हणजे साठच्या दशकात आलेली तोफ, रडार-कॅमेरा तेवढा नवा. उलट एका शाहेदवर, म्हणजे इराणी बनावटीच्या ड्रोनवर, अमेरिकन पॅट्रियट मारायचं म्हणजे वीस ते पन्नास हजार डॉलरच्या वस्तूवर चाळीस लाख डॉलरच्या आसपासचं मिसाईल. डास मारायला तोफ कशाला असं म्हणतात, इथे तोफच बरी पडली!

संत्रानगरी:
आमच्या नागपुरात नागास्त्र-1 हे लक्ष्यावर जाऊन आदळणारं ड्रोन बनतं, लष्कराची ऑर्डर 480 ची, पहिली 120 दिली जून 2024 मध्ये. अभिमान आहेच नं भाऊ. पण युक्रेनने त्याच वर्षात सगळी मिळून 20 लाखांवर ड्रोन बनवली, त्या वेगाने 480 म्हणजे दोन तासांचा माल. नागास्त्र वेगळ्या जातीचं आहे, मान्य, पण आकडा बघा. आणि एफपीव्हीच्या मोटारीतलं चुंबक कुठून येतं? चीनमधून, दोन्ही बाजूंना. उद्या त्यांनी नळ बंद केला तर?

खडूस_अण्णा:
आता कुणीतरी गनिमी काव्यावर येईल बघा.

रातराणी:
सगळे बसून रणगाड्याचा भाव काढताय. युक्रेनच्या खेरसन शहरात रशियन सैनिक नदीपलीकडून ड्रोन सोडतात आणि सायकलवरच्या, स्टॉपवर उभ्या माणसाच्या मागे लावतात. 'ह्यूमन सफारी' म्हणतात तिथे त्याला. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मे 2025 मध्ये मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलंय. तोफ डागणाऱ्याला निदान समोर कोण आहे ते दिसत नाही. या ड्रोनवाल्याला स्क्रीनवर हँडलला लटकवलेली पिशवीसुद्धा दिसत असणार. एका म्हातारीवर चाळीस लाखांचं मिसाईल कुणी घालवलं नसतं, पाचशे डॉलर घालवतात. स्वस्त झालंय ते हे.

खडूस_अण्णा:
याला माझ्याकडे उत्तर नाही.

देवळालीचा_गनर:
तिकडे आता रस्त्यांवर जाळी ताणतात, मंडपासारखी, गाड्या खालून जातात. पंखा अडकला की ड्रोन लटकतं. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या कोळ्यांनी आपली जुनी जाळी पाठवली, ती पण लागलीत.

हर्णैकर:
जुनं जाळं ना? आमच्या बंदरात ढीग पडलाय, कुणी फुकट नेत नाही.

घाटावरचा:
घ्या, म्हणजे शेवटी स्वस्त वस्तूच जिंकली ना 😀

खडूस_अण्णा:
जाळ्यात लटकलंय तुमचं ड्रोन. जिंकलं कोण ते आधी ठरवा.