जांभ्याच्या तांबड्या मातीत मेटल डिटेक्टर खोल लागत नाही, सेटिंग कसं करू?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात, हलशीच्या बाजूला आमचं भाताचं शेत आहे. गेल्या पावसाळ्यात भांगलण करताना आईची बोरमाळ तुटून पडली. दोरा कुजला होता. बांधावर भाकरी खाताना माळ गळ्यात होती, घरी आल्यावर नव्हती. म्हणजे त्या दुपारी भांगललेल्या दोनेक गुंठ्यांतच ती आहे. तेव्हा चिखलात हात घालून चार मणी मिळाले. सुगीनंतर नांगरट झाली, त्यामुळे बाकीचे आता पाच-सहा इंच खाली गेले असतील. मे महिन्यात धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत) आहे, त्याच्या आत शोधायचंय. माळ आजीनं तिला दिलेली. आई बोलून दाखवत नाही, पण बोलता बोलता तिचा हात गळ्याकडं जातो.

मित्राकडून व्हीएलएफ (कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारं साधं) मशीन आणलंय, ७ किलोहर्ट्झचं, ९ इंची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती. सेन्सिटिव्हिटी (मशीन किती बारीक ऐकतं ते), डिस्क्रिमिनेशन (खिळ्यांसारखे नको ते धातू गाळणं), ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा आवाज दाबणं) तिन्ही हातानं फिरवायचे. मिळालेल्या एका मण्यावरच चाचणी घेतली. वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. हवेत तो ३ इंचांवर लागतो, आईची अंगठी ८ इंचांवर. शेतात तीच अंगठी ४ इंच पुरली की आवाज तुटक येतो, आणि मणी दीड इंचाखाली गेला की मशीन गप्प. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवली तर नुसती किरकिर. जांभ्याचा खडा उचलून कॉइलपुढं धरला, तर त्यालाही आवाज देतंय! बांधावरून पंपाची लाईन गेलीय, थ्री फेज आली की किरकिर आणखी वाढते.

१२ इंची कॉइल लावली तर खोल जाईल का? की दुसरं मशीन बघू?

गावात आम्ही गुप्तधन शोधतोय अशी कुजबुज सुरू झालीय, म्हणून सांगतो: शेत आमचं, वस्तू आमची, हलशीच्या देवळांपासून आम्ही लांब आहोत. जमिनीत पुरलेलं जुनं धन निघालं तर कायद्यानं सरकारला कळवावं लागतं, हेही माहीत आहे.

प्रतिसाद:
निपाणी भागात जमिनीत गाडलेल्या जुन्या पाइपलाइनी मी मशीननं शोधून देतो, त्या अनुभवावरून लिहितो. मोठी कॉइल घेऊ नका. ती जास्त माती बघते, म्हणजे जांभ्यातलं लोहही जास्त बघते, आणि बारका मणी त्यात बुडतो. ५-६ इंची मिळाली तर बघा. अंगठी हे बंद कडं आहे, म्हणून जोरात लागते. माळेचे मणी मशीनला एकेक सुटेच दिसतात. बारक्या सोन्याला १५-२० किलोहर्ट्झचं मशीन बरं, पण आधी हातातलं नीट लावा.

डिस्क्रिमिनेशन शून्यावर आणा. पातळ सोनं गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी पट्टीसारखं वाजतं, खिळे गाळायला गेलात तर तेही गाळलं जाईल. मग जिथं काही वाजत नाही अशा जागी कॉइल फूटभर उंचीवरून मातीच्या जवळ आणा, परत वर न्या. खाली जाताना आवाज वाढला तर ग्राउंड बॅलन्स एका बाजूला, उतरला तर दुसऱ्या बाजूला, वर-खाली सारखा होईपर्यंत फिरवा. दर पाच-दहा पावलांनी पुन्हा करा, जांभा सगळीकडं सारखा नसतो. सेन्सिटिव्हिटी किरकिर थांबते तिथंच ठेवा. लाईट गेलेल्या वेळी, कॉइल मातीला घासत, सावकाश फिरवा.

पण खोलीचा हट्ट सोडा. बारक्या वस्तूचं अंतर दुप्पट झालं की सिग्नल साधारण ६४ पट पडतो, बटण फिरवून तो भरून निघत नाही. मशीन खाली जात नसेल तर माती वर काढा. दोन-दोन इंचांचा थर खोऱ्यानं ओढा, बाजूला पातळ पसरा, त्यावरून कॉइल फिरवा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणं केलं, आता मणी अडीच इंचांवर लागतोय. आज सकाळी लाईट नव्हती तेवढ्यात दहा बाय दहाचा पट्टा काढला. दुसऱ्या थरात दोन मणी निघाले, एक चेपलेला. आई चाळणी घेऊन स्वतः शेतात आलीय. उद्या पुढचा पट्टा. चेपलेल्या मण्यातली लाख निघालीय, ती बेळगावात कुणी भरून देतं का, तेवढं सांगा.