मदत हवी आहे: हाताने चालणारं अ‍ॅप सिस्टमडीखाली पडतं, लॉगही धड येत नाहीत

धागाकर्ता

उबुंटू २२.०४, जँगोचं (पायथनचं वेब फ्रेमवर्क) अ‍ॅप, पुढे गुनिकॉर्न (ते चालवणारा वेब सर्व्हर). एसएसएचने आत शिरून हाताने सुरू केलं की उत्तम चालतं. सिस्टमडीची (लिनक्सवर पार्श्वभूमीत प्रोग्राम चालवणारा मॅनेजर) सर्व्हिस केली की डेटाबेसची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (प्रोग्रामला बाहेरून मिळणारी पासवर्डसारखी माहिती) सापडत नाहीत. ती बॅशआरसीमध्ये एक्स्पोर्ट केली आहेत. मग ईटीसीमधल्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये टाकून रीबूटही करून पाहिला, फरक शून्य. शेवटी थेट युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल) लिहिली, तर पोचली, पण आता डेटाबेस म्हणतो पासवर्ड चुकीचा. तोच पासवर्ड हाताने चालतो! शिवाय कोडमधले प्रिंट जर्नलमध्ये (सिस्टमडीचा लॉग) बऱ्याच वेळाने गठ्ठ्याने येतात, आणि ५०० एररचा (सर्व्हरवरची चूक) ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठे झाली त्याचा माग, तर येतच नाही.

रात्रपाळी

बॅशआरसी वाचतो बॅश, म्हणजे टर्मिनलमधला शेल. सिस्टमडी सर्व्हिस सुरू करताना शेल वापरतच नाही, त्यामुळे ती फाइल कोणी उघडतही नाही. ईटीसीतली एन्व्हायर्नमेंट फाइल लॉगिनच्या वेळी पॅम (लॉगिन तपासणारी यंत्रणा) वाचतं आणि सर्व्हिस म्हणजे लॉगिन नव्हे. म्हणून रीबूटने काही होणार नव्हतं.

पासवर्डमध्ये टक्क्याचं चिन्ह आहे का? युनिट फाइलमध्ये % ला खास अर्थ असतो. समजा पासवर्डात %एच (स्मॉल लिपीतला) आला, तर त्या जागी होम डिरेक्टरी बसते, सिस्टम सर्व्हिसला ती रूटची (मुख्य प्रशासक युझर). तुमच्या युझरचीही नाही. तिथे %% असं दोनदा लिहावं लागतं.

पण पासवर्ड युनिट फाइलमध्ये ठेवूच नका. सिस्टमसीटीएल शो चालवून सर्व्हरवरचा कोणताही साधा युझर तो वाचू शकतो. वेगळी फाइल करा, मालक रूट, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), आणि युनिटमध्ये एन्व्हायर्नमेंटफाइल या ओळीत तिचा पूर्ण पाथ द्या. युझर बदलण्याआधी सिस्टमडी स्वतःच ती वाचतो, त्यामुळे अ‍ॅपच्या युझरला परवानगी लागत नाही. आत फक्त नाव=किंमत. पुढे एक्स्पोर्ट लिहायचं नाही, आणि एका व्हेरिएबलमध्ये डॉलर लावून दुसरं वापरलं तर ते उलगडत नाही, तसंच्या तसं जातं. % इथे साधं अक्षर आहे. पासवर्ड सिंगल कोटमध्ये ठेवा.

पाथच्या आधी उणे चिन्ह देऊ नका. त्याने फाइल नसली तरी सर्व्हिस गुपचूप सुरू होते आणि मग तुम्ही भलतीकडेच शोधत बसता.

युनिट बदललं तर डेमन-रीलोड (सिस्टमडीला युनिट फाइल पुन्हा वाचायला लावणं) आणि रीस्टार्ट. नुसती ही फाइल बदलली तर रीस्टार्ट पुरे. खरंच काय पोचलं ते प्रॉक डिरेक्टरीमध्ये, सर्व्हिसच्या पीआयडीच्या (प्रोसेसचा क्रमांक) एन्व्हायरॉन फाइलमध्ये दिसतं (रूट म्हणून उघडा).

लॉगवाला

लॉगचं माझ्याकडून. टर्मिनल समोर नसलं की पायथन स्टँडर्ड आउटपुट बफरमध्ये साठवतो, साधारण ८ केबी भरले की सोडतो. तुमचा गठ्ठा तोच. वर सांगितलेल्या फाइलमध्ये पायथनअनबफर्ड=१ टाका (व्हेरिएबलचं नाव सगळं कॅपिटलमध्ये). नाहीतर गुनिकॉर्नने ३० सेकंदांच्या टाइमआउटला वर्कर (विनंत्या हाताळणारी प्रोसेस) मारला की बफरमधलं सगळं त्याच्याबरोबर जातं, आणि नेमकं तेच हवं असतं.

ट्रेसबॅकचा दोष सिस्टमडीचा नाही. डीबग बंद असताना जँगोचं मूळ लॉगिंग कन्सोलवर काही पाठवत नाही, एरर अ‍ॅडमिनला मेल करायला बघतं. सेटिंग्जमधल्या लॉगिंग डिक्शनरीत रूट लॉगरला (सगळ्यांत वरचा लॉगर) स्ट्रीमहँडलर (लॉग कन्सोलवर पाठवणारा) जोडा. गुनिकॉर्नचा अ‍ॅक्सेस लॉगही (आलेल्या विनंत्यांची नोंद) मुळात बंद असतो. अ‍ॅक्सेस-लॉगफाइलला एक उणे चिन्ह दिलं की सुरू.

गर्दीत काही ओळी गायब झाल्या तर जर्नलमध्ये ‘सप्रेस्ड’ शोधा. जर्नलडी (जर्नल सांभाळणारी सेवा) ३० सेकंदांत एका सर्व्हिसच्या १०,००० ओळींपर्यंतच धरतो (डिस्क मोकळी असेल तर मर्यादा वाढते). ती वाढवण्याआधी एवढं कोण ओरडतंय ते बघा.

धागाकर्ता

पासवर्डात खरंच %एच होता! दोघांचेही आभार. आता लॉग वेगळ्या फाइलमध्ये हवा आहे. युनिटमधल्या स्टँडर्डआउटपुटला फाइल: दिलं, तर रीस्टार्टनंतर जुन्या ओळींवरच नव्या लिहिल्या जातात.

लॉगवाला

फाइल: नको, अपेंड: द्या. पहिला प्रकार दर वेळी सुरुवातीपासून लिहितो आणि जुनं पुसतही नाही, म्हणून अशी खिचडी होते. स्टँडर्डएररलाही तोच पाथ द्या. लॉगरोटेटमध्ये (जुने लॉग ठरावीक काळाने बाजूला काढणारं साधन) कॉपीट्रंकेट लागेल, म्हणजे फाइलची कॉपी करून मूळ फाइल कापणं, कारण नाव बदललं तरी प्रोसेसच्या हातात जुनीच फाइल उघडी असते आणि नवी रिकामी राहते. कॉपी आणि कापणं यांच्यामध्ये आलेल्या एखाददोन ओळी मात्र जाऊ शकतात. हिशेबाचे लॉग असतील तर ते जर्नलमध्येच राहू द्या.