नुसता मेल उघडला तर काही होतं का? बाबांसाठी सल्ला हवा

तिखटमीठ:
बाबा रिटायर झाल्यापासून आलेला प्रत्येक मेल भक्तिभावाने उघडतात. काल 'तुमचं पार्सल अडकलंय' वाला आला, रंगीत, लोगोबिगो सगळं, वर पट्टी होती की चित्रं लपवली आहेत, दाखवू का, ह्यांनी दाखव म्हटलं. लिंक दाबली नाही असं शपथेवर सांगतायत. आता कॉम्प्युटर बंद करून बसलेत. नुसतं उघडून काही होतं का? आणि कुठला प्रोग्रॅम किंवा सेटिंग घेऊ? बजेट शून्य. परत सांगते, शून्य.

खुडबुड्या:
थंडरबर्ड नावाचा मेल वाचायचा प्रोग्रॅम लाव, विषय संपला. बाहेरची चित्रं तो मुळातच अडवून ठेवतो. वर व्ह्यू मध्ये मेसेज बॉडी अ‍ॅज आहे, तिथे प्लेन टेक्स्ट कर, रंग लोगो बटणं सगळं गायब, उरतो नुसता मजकूर. फारच रखरखीत वाटलं तर तिथेच सिंपल एचटीएमएल (वेबपानांची भाषा, त्यातली थोडीच सजावट ठेवतं) पण आहे.

निवांत_माणूस:
मी तीन वर्षांचं अँटीव्हायरस पॅकेज घेतलंय, पाच डिव्हाइस, महाग आहे पण झोप लागते. तेच घ्या.

तिखटमीठ:
@निवांत_माणूस शून्य हो दादा, शून्य.

जुनं_खोड:
उघडून काही होत नाही म्हणणाऱ्यांना १९९९ चा बबलबॉय व्हायरस आठवत नसणार. अटॅचमेंट नाही काही नाही, आउटलुक एक्सप्रेसच्या प्रीव्ह्यूत मेल दिसला की आतली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, आपोआप चालायची. २००० सालच्या 'आय लव्ह यू'ला निदान अटॅचमेंटवर क्लिक तरी लागायचं. मेल म्हणजे अक्षरं, त्यात वेबसाइट कोंबायला सांगितलं कोणी? मी आजही काळ्या पडद्यावर म्यूटमध्ये, नुसती अक्षरं दाखवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये, वाचतो.

खुडबुड्या:
काका, तेव्हापासून पुलाखालून बरंच पाणी गेलं. आता कुठलाही धड प्रोग्रॅम मेलमधली स्क्रिप्ट चालवतच नाही.

जुनं_खोड:
मार्च २०२३ ला आउटलुकचं भोक बुजवलं ते? त्यात तर मेल उघडायचीही गरज नव्हती, रिमाइंडर वाजायचा आणि त्याच्या आवाजाची फाइल आणायला मशीन बाहेरच्या सर्व्हरकडे जायचं. आणि २०१८ चं ईफेल नावाचं भोक, कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) मेलचा उलगडलेला मजकूर चित्राच्या पत्त्यात घालून बाहेर. एचटीएमएल नसतं तर हे ईफेलचं तरी झालं नसतं.

खुडबुड्या:
बरं मग अपडेट करत जा एवढंच निघालं ना त्यातून.

झब्बू:
मी न्यूजलेटर पाठवायचं काम करते म्हणून सांगते (शिव्या नंतर द्या). त्या 'चित्रं दाखवू का' ने काय होतं तर मेलमध्ये एक बाय एक पिक्सेलचं न दिसणारं चित्र असतं, प्रत्येकाला वेगळा पत्ता. ते लोड झालं की आम्हाला कळतं अमुक माणसाने अमुक वाजता उघडला. ठग पण तेच करतो, त्याला कळलं की हा पत्ता चालू आहे, माणूस मेल उघडतो. म्हणजे आता बाबांना अजून पार्सलं येतील, घाबरू नका पण येतील. जीमेल २०१३ पासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं त्यामुळे तुमचा आयपी (इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा नंबर) जात नाही, पण उघडला हे कळतंच. सेटिंग्जमध्ये इमेजेस समोर 'आस्क बिफोर' वालं निवडा. फुकट.

निवांत_माणूस:
माझ्या पॅकेजमध्ये हे सगळं येतं बहुतेक.

जुनं_खोड:
@झब्बू म्हणजे पाळत ठेवायचा पगार मिळतो.

झब्बू:
आणि साधा मजकूर पण आम्ही सोबत पाठवतो काका, एकाच मेलमध्ये दोन्ही रूपं असतात. तुम्ही काळ्या पडद्यावर वाचता ते आमच्यामुळे.

पोळलेला:
तुमचं चालू द्या. माझं काय झालं ऐका. मेल साधाच होता, दोन ओळी, 'इन्व्हॉइस सोबत जोडलंय', आणि जोडलेली फाइल .एचटीएमएल. उघडली तर लॉगिन पान, माझा ईमेल आधीच भरलेला, हुबेहूब. पासवर्ड मॅनेजर एरवी लगेच पासवर्ड भरतो, तो गप्प. मला वाटलं बिघडला, हाताने टाइप केला. वर पाहिलं असतं तर कळलं असतं, पट्टीत वेबसाइटचा पत्ता नव्हताच, माझ्याच डाउनलोड्स फोल्डरचा होता. मेलमध्ये स्क्रिप्ट चालत नाही खरं, पण ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली की चालते. दोन दिवस सगळ्या नातेवाइकांना माझ्या नावाने मेल जात होते. चुलत सासऱ्यांनी रिप्लाय पण केला.

रविवार_दुपार:
+१ थंडरबर्ड. फुकट आहे, कोणी सांगितलं की नाही माहीत नाही.

पोळलेला:
आणि मोबाइलवर लिंकवर बोट ठेवून धरायचं, दाबायचं नाही, खरा पत्ता दिसतो. वर लिहिलेलं एक, आत भलतंच.

तिखटमीठ:
थँक्यू सगळ्यांना. थंडरबर्ड टाकला, प्लेन टेक्स्ट केलं, बाबा बघून म्हणाले, "ही काय तार आलीये का?" काढला. चित्रांचं सेटिंग केलं, तर त्यांनी रोजच्या सुविचारातली फुलं दिसेनात म्हणून स्वतःच परत बदललं, हे मात्र बरोबर सापडलं त्यांना. शेवटी असं ठरलंय की शंका आली की उघडायचं नाही, मला फॉरवर्ड करायचं. सकाळपासून अकरा आलेत.

जुनं_खोड:
फॉरवर्ड करायला ते आधी उघडणारच.

तिखटमीठ:
बारा.