टीम बुडत असताना मालकांच्या नावाने ओरडायचं की गप बसून टाळ्या वाजवायच्या?

निळा_पांढरा:
ग्रुपवर यावरून चांगलंच वाजलं, तिथे लोक इमोजी टाकून पळतात म्हणून इथे धागा काढतोय. विषय ब्लॅकबर्न रोव्हर्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९९५ ला प्रीमियर लीग जिंकलेला क्लब, जॅक वॉकर नावाच्या तिथल्याच स्टीलवाल्याने पैसा ओतला, डॅल्ग्लिश मॅनेजर, गोल मारायला शिअरर. वॉकर २००० ला वारले आणि त्यांच्या ट्रस्टने नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब विकला तो आपल्या पुण्याच्या पोल्ट्रीवाल्या वेंकीजला, २.३ कोटी पौंडांना. महिन्याभरात मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइसला नारळ दिला (टीम तेव्हा १३ वी होती हो!), स्टीव्ह कीनला बसवलं, पहिला सीझन शेवटच्या दिवशी कसाबसा वाचला, दुसऱ्यात १९ वे येऊन खालच्या डिव्हिजनला. २०१७ ला अजून एक पायरी खाली, थेट तिसऱ्या डिव्हिजनला. प्रीमियर लीग जिंकून तिथवर घसरलेला हा पहिलाच क्लब. वर्षभरात वर आले, पण तेव्हापासून अधूनमधून तळाची हवा खाऊन येतात आणि "वेंकीज आऊट" चालू होतं.

आता माझं म्हणणं. मालकांनी पैसे दिले नाहीत ही माझी तक्रारच नाहीये. तक्रार ही की काही बिनसलं तर विचारायचं कोणाला हेच कळत नाही. ३१ जानेवारी २०२३, ट्रान्सफर विंडोचा (प्लेअर विकत घ्यायच्या मुदतीचा) शेवटचा दिवस, नॉटिंगहॅम फॉरेस्टचा लुईस ओब्रायन यायला तयार, फॉरेस्ट सोडायला तयार, आणि आमचे कागदच वेळेत गेले नाहीत. लीग चालवणाऱ्या ईएफएलने नाही म्हटलं, विषय संपला. त्या सीझनला आमचे ६९ पॉइंट, संडरलंडचेही ६९, गोल डिफरन्सवर ते सहावे आणि आम्ही सातवे, प्लेऑफ (वरच्या लीगमध्ये जायच्या शेवटच्या जागेसाठीच्या मॅच) गेला. बरं, एकदा होतं माणसाकडून. पण पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ऑर्लँडोचा डंकन मॅग्वायर, परत शेवटचा दिवस, परत कागदांचा घोळ, परत डील बोंबललं. आणि यावेळी प्लेऑफ नाही, रेलिगेशन (खालच्या डिव्हिजनला जाणं) डोक्यावर होतं. शेवटच्या दिवशी लेस्टरला जाऊन २-० जिंकलो म्हणून वाचलो, दोन्ही गोल आमच्या स्मॉडिक्सचे. पुढच्या ऑगस्टमध्ये त्यालाही विकला.

तर प्रश्न असा की अशा वेळी फॅनने स्टेडियममध्ये मालकांविरुद्ध ओरडावं का? मी म्हणतो बिनधास्त ओरडावं.

ऑफसाइड_अण्णा:
साफ असहमत. ओरडा ना, कोण नाही म्हणतंय, पण मॅच संपल्यावर ओरडा. मालक पुण्यात, त्यांच्या कानापर्यंत काय जाणारे डोंबल? ऐकू जातं ते राइट बॅकला, ज्याचा आधीच कॉन्फिडन्स गेलाय. २० डिसेंबर २०११ आठव, बोल्टन घरच्या मैदानावर, दोन्ही टीम तळाला, म्हणजे जिंकायचीच मॅच. आणि अख्खं स्टेडियम, इवूड पार्क, कीनच्या नावाने शंख करतंय. १-२ हरले. असल्या वातावरणात पोरं पास द्यायला घाबरतात, बॉल मागे मागे खेळतात, मग लोक अजून शिव्या घालतात आणि पोरं अजून मागे खेळतात, हे चक्र खालच्या टीमचा कोणताही फॅन सांगेल.

निळा_पांढरा:
अण्णा, मग त्यानंतर ११ दिवसांनी त्याच घाबरलेल्या पोरांनी मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ३-२ मारली, ती पण त्यांचा मॅनेजर फर्गीच्या ७० व्या वाढदिवशी, ते कसं काय? मध्ये अ‍ॅनफिल्डला लिव्हरपूलशी १-१ पण झाली होती.

ऑफसाइड_अण्णा:
अरे पण दोन्ही मॅच बाहेरच्या ना! ओरडणारं होम क्राउड नव्हतं तिथे. माझाच मुद्दा सिद्ध करतोयस.

निळा_पांढरा:
हाहा ठीक, हा पॉइंट तुमचा. पण टेबल बघा. तो सीझन आम्ही ३१ पॉइंटवर संपवला, सतरावं क्यूपीआर ३७ वर. बोल्टनची मॅच जिंकलो असतो तरी ३४ च. फॅन गप बसले असते तर तीन पॉइंट मिळालेही असते कदाचित, पण बाकीचे कुठून आणणार होतात? डिफेंडर फिल जोन्स उन्हाळ्यात युनायटेडला विकला आणि दुसरा डिफेंडर साम्बा ऐन फेब्रुवारीत रशियाच्या आन्झीला. याकूबूने १७ गोल मारूनही टीम खाली जाते म्हणजे मागे डिफेन्सची काय अवस्था असेल विचार करा, आणि तो डिफेन्स काही घोषणांनी विकला नाही.

नुसता_वाचक:
कोंबडी कोणीच काढली नाही अजून?? ७ मे २०१२, विगनविरुद्ध, ज्या मॅचला खाली गेले त्याच मॅचला कोणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळून जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. पोल्ट्रीवाल्या मालकांना एवढा स्पष्ट निरोप आजवर कोणी दिला नसेल. त्याआधी प्लेअर्सना ड्रेसिंग रूममध्ये चिकन खाताना दाखवणारी जाहिरात पण आली होती. बाकी चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

हिशोबनीस:
सगळे भावनेच्या भरात लिहितायत म्हणून थोडं रुक्ष लिहितो. चँपियनशिप म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमधले बरेच क्लब जेवढं कमावतात जवळजवळ तेवढं किंवा त्याहून जास्त नुसत्या पगारात घालवतात. म्हणजे दरवर्षी तोटा ठरलेला, आणि तो कोणीतरी भरायचा असतो. ब्लॅकबर्नमध्ये तो २०१० पासून वेंकीज भरतायत. क्लब दोनदा खाली गेला तरी भरतायत, टीव्हीचे पैसे आटले तरी भरतायत. "आऊट" म्हणणं सोपंय, पण मग "इन" कोण ते सांगा. बेरी नावाचा क्लब होता, १८८५ चा, डिसेंबर २०१८ मध्ये मालकाने एका पौंडाला दुसऱ्याला दिला आणि ऑगस्ट २०१९ ला लीगमधून हकालपट्टी. बुडत्या क्लबकडे येणारे गिऱ्हाईक असे असतात. हात आखडता न घेणारा मालक असताना त्याला हाकलायला निघालेले फॅन पाहिले की मला गंमत वाटते.

निळा_पांढरा:
घरमालक भाडं मागत नाही म्हणून छत गळतंय हे पण बोलायचं नाही का? तोटा भरतात, मान्य, मी पहिल्याच पोस्टमध्ये म्हटलंय की पैशाची तक्रार नाही. आणि मध्ये तर तेही सरळ राहिलं नव्हतं, २०२३-२४ मध्ये इकडून पैसे पाठवायला दिल्ली हायकोर्टात परवानगी मागायची वेळ आली. कोर्टात काय खरं काय खोटं ते कोर्ट बघेल, पण तिकडच्या फॅनचा यात काय दोष? त्याच हिवाळ्यात अ‍ॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला गेला, १.८ कोटी पौंड आणि वर काहीबाही, आमच्याच अ‍ॅकॅडमीत वाढलेला पोरगा, रेलिगेशनच्या ऐन मध्यात. त्याच्या जागी काय आलं? मॅग्वायरचा चुकलेला फॉर्म.

टॉफी_ताई:
एव्हर्टनवाली बोलतेय, या बाबतीत आमची पीएचडी झालीये. आम्ही दोन्ही करून बघितलं त्यामुळे ऐका. मे २०२२, पॅलेसविरुद्ध, जिंकलं तर वाचणार अशी मॅच. आमच्या गुडिसन स्टेडियमच्या बाहेर टीमच्या बसच्या दोन्ही बाजूंनी लोक, निळा धूर, बस दिसत नव्हती इतका. हाफटाइमला ०-२ मागे. आणि ३-२ जिंकलो. त्या दिवशी कोणी बोर्डाचं नाव काढलं नाही. मग जानेवारी २०२३, साउदॅम्प्टन घरी, क्लबने जाहीर केलं की सुरक्षेच्या कारणाने डायरेक्टर मॅचला येणार नाहीत. म्हणजे आपल्याच स्टेडियममध्ये आपल्याच फॅनची भीती! १-२ हरलो, आणि मॅचनंतर हजारो लोक जागेवर बसून राहिले, उठलेच नाहीत. मला तेच बरोबर वाटतं, ९० मिनिटं टीमची आणि नंतर हवं तेवढं बसा.

उठून जाण्याचा प्रकार मात्र करू नका. डिसेंबर २०२१ ला आर्सेनलविरुद्ध २७ व्या मिनिटाला उठायचं ठरलं होतं, २७ वर्षं ट्रॉफी नाही म्हणून. फार जण उठलेच नाहीत, आणि शेवटी शेवटी डेमराय ग्रेने असला गोल मारला की जे उठून गेले ते अजून सांगत नाहीत आपण गेलो होतो म्हणून.

ऑफसाइड_अण्णा:
ताईंना +१००. हेच तर म्हणतोय मगासपासून.

निळा_पांढरा:
अहो पण ताई, त्या बसून राहण्याने बोर्ड बदललं का? नंतर नोव्हेंबर २०२३ ला खर्चाचे नियम मोडले म्हणून १० पॉइंट कापले, अपिलात ६ झाले, परत वरून २ कापले. ते काही राइट बॅकने केलं नव्हतं ना.

टॉफी_ताई:
नाही बदललं लगेच, जूनमध्ये तिघं डायरेक्टर गेले, चेअरमन तरी राहिलेच. पण टीम वाचली, दोन्ही वर्षी. आधी जीव वाचवायचा मग भांडायचं, एवढंच म्हणणं आहे माझं. आठ पॉइंट कापूनही आम्ही पंधरावे आलो, तेव्हा गुडिसनमध्ये टीमविरुद्ध एक शब्द नव्हता, सगळा राग लीगवर.

रुहर_रिटर्न:
काही वर्षं जर्मनीत काढली म्हणून लिहितो. तुम्ही सगळे "मालक मालक" करताय, पण शाल्केला मालकच नाहीये, क्लब मेंबरांचा आहे, मेंबर मत देतात, सभा भरते, माइकवर उभं राहून बोर्डाला झापतात. तरी २०२०-२१ ला काय झालं? जानेवारी ते जानेवारी सलग ३० बुंडेसलीगा (तिथली पहिली डिव्हिजन) मॅच एकही विजय नाही. २० कोटी युरोच्या वर कर्ज. खाली गेल्याच्या रात्री बिलेफेल्डहून बस परत आली तर काही लोकांनी प्लेअर्सना मारायला पळवलं, काहींवर हात पडला. दोन वर्षांनी परत खाली! तेव्हा मालक बदलला की सगळं सुरळीत होईल हे स्वप्न सोडा. मेंबरांनी निवडून दिलेले लोकही तेवढ्याच दिमाखात क्लब बुडवू शकतात.

निळा_पांढरा:
पण तिथे निदान समोर माणूस असतो ना झापायला. तीच तर माझी मागणी आहे.

गोदाकाठचा_गोलकी:
कोणी ब्लॅकपूलचं नाव घेत नाही याचं आश्चर्य वाटलं. ओरडून होत नसेल तर जाणंच बंद करा. ब्लॅकपूलच्या लोकांनी ऑयस्टन कुटुंबाविरुद्ध वर्षानुवर्षं बहिष्कार टाकला, ना सीझन तिकीट ना स्टेडियमातलं चहापाणी, एक पेनी नाही. २०१५ ला हडर्सफील्डची मॅच लोक मैदानात घुसल्याने अर्ध्यात थांबवावी लागली. शेवटी २०१९ ला मालक गेले आणि पहिल्याच मॅचला स्टेडियम भरलं. टाळ्या वाजवून काय मिळालं असतं त्यांना? अजून तेच मालक असते.

हिशोबनीस:
मालक बहिष्काराने नाही गेले, कोर्टाने गेले. पार्टनरने केस केली, २०१७ ला हायकोर्टाने ३.१ कोटी पौंड द्यायला लावले, ते देता आले नाहीत म्हणून रिसीव्हर (कोर्टाने नेमलेला कारभारी) बसला. आणि मधल्या काळात क्लब दोन सीझनमध्ये दोन डिव्हिजन खाली, चौथ्या पायरीपर्यंत. किंमत कोणी मोजली?

गोदाकाठचा_गोलकी:
फॅननेच मोजली आणि राजीखुशीने मोजली. तिथल्या कोणालाही विचारा. तुम्हाला डिव्हिजन महत्त्वाचं वाटतं, त्यांना क्लब आपला वाटणं महत्त्वाचं होतं. प्रत्येक गोष्टीचा ताळेबंद नाही निघत साहेब.

नुसता_वाचक:
आपल्याकडे बरंय, आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) २०१४ पासून रेलिगेशनची भानगडच नव्हती. तरीही एफसी पुणे सिटी २०१९ ला गेलाच, टेबलात खाली न जाता थेट हैदराबादला. कोणी कोंबडी सोडलेली आठवत नाही.

ऑफसाइड_अण्णा:
हे मात्र झोंबलं राव.
बरं निळ्या, आता मुद्द्यावर ये. ओरडून तुला नेमकं काय हवंय? "वेंकीज आऊट" ही घोषणा झाली. ते नाही म्हणाले, विकायचा नाही, मग पुढे? त्यांना वाटेल तेव्हाच विकणार, तो त्यांचा हक्क आहे.

निळा_पांढरा:
नको विकू दे. एक माणूस बसवा तिथे लँकशायरमध्ये, सहीचा अधिकार असलेला, ज्याला विंडोच्या शेवटच्या रात्री पुण्याला फोन लावायची गरज पडणार नाही, आणि जो महिन्यातून एकदा फॅनसमोर येऊन सांगेल की व्हार्टनच्या पैशातले किती टीमवर आणि किती तोट्यात. बास. मे २०२५ ला विमेन्स टीम दुसऱ्या डिव्हिजनमधून काढून घेतली, तेव्हाही लोकांना निर्णय झाल्यावरच कळलं. फेब्रुवारी २०२५ ला मॅनेजर जॉन युस्टस प्लेऑफच्या जागेवर असलेली आमची टीम सोडून रेलिगेशन झोनमधल्या डर्बीकडे गेला. असं उलटं कोणी जातं का? त्यावरून समजा आतमध्ये काय चाललंय.

ऑफसाइड_अण्णा:
डर्बी त्याचा जुना क्लब आहे, तिथे खेळलाय तो. सगळं मालकांवर नको ढकलू.

निळा_पांढरा:
जुना क्लब असेना का, वर जाणारी गाडी सोडून खाली जाणारीत बसायला नुसतं प्रेम पुरत नाही. त्या सीझनला परत सातवे आलो, दोन पॉइंट कमी. दोन वर्षांपूर्वी गोल डिफरन्स, आता दोन पॉइंट. दरवेळी थोडक्यात हुकतं आणि दरवेळी सीझनच्या मध्ये ऑफिसात काहीतरी घडलेलं असतं.

हिशोबनीस:
तू जे मागतोयस त्यातलं थोडंफार कायद्याने येतंय. जुलै २०२५ ला इंग्लंडमध्ये फुटबॉल गव्हर्नन्सचा कायदा झाला, स्वतंत्र रेग्युलेटर, क्लबांना लायसन्स, फॅनशी सल्लामसलत करणं बंधनकारक. घोषणांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल असं माझं मत.

गोदाकाठचा_गोलकी:
आणि तो कायदा कशामुळे आला? फॅन वर्षानुवर्षं ओरडले म्हणूनच ना, का एक्सेल शीट बघून आला?

हिशोबनीस:
बेरी बुडालं म्हणून आला, मोठ्या क्लबांनी वेगळी सुपर लीग काढायचा तमाशा झाला म्हणून आला. आणि हो, लोक ओरडले म्हणूनही. पण ते रस्त्यावर आणि पार्लमेंटबाहेर ओरडले, आपल्याच गोलकीपरच्या पाठीमागे उभं राहून नाही.

टॉफी_ताई:
सुपर लीगच्या वेळी चेल्सीवाल्यांनी मॅचच्या आधी बस अडवली होती हां. टीमचीच बस.

ऑफसाइड_अण्णा:
आधी अडवली, ९० मिनिटांत नाही 😄

निळा_पांढरा:
०-० सुटली ती मॅच, ब्रायटनविरुद्ध. काढा अर्थ काय काढायचा तो.