मदत हवी आहे : चिनी टेबलाचे पापुद्रे निघतायत

चिंचगूळ
लवकर सांगा प्लीज. काळ्या लाखकामाचे पापुद्रे निघतायत, वर काढलेली सोनेरी माणसंसुद्धा. फेविकॉल चालेल का? शनिवारी सासूबाई येतायत.

सुतारपक्षी
कसलं टेबल? केवढं? राहता कुठे? फोटो?

चिंचगूळ
फोटो चढत नाहीये. बोस्टनजवळ राहतो. लिहायचं टेबल आहे, उतरतं झाकण, बाजूला चार खण. एका घराचं सामान विकत होते तिथे घेतलं. कँटनचं, १८४०च्या आसपासचं म्हणाले.

खटपट्या
जवसाचं तेल चोळा. आमच्या वाड्यातल्या शिसवी कपाटाला दर दिवाळीला लावतो, तोंड दिसतं त्यात.

सुतारपक्षी
शिसवाला लावा हो. इथे तेल भेगेत शिरलं की पुढे कुठलाच सरस धरणार नाही.

ओसरी
लाखकाम म्हणजे सावंतवाडीच्या खेळण्यांसारखंच ना? मग स्पिरिट पॉलिश मारा.

सुतारपक्षी
अजिबात नको! आपली लाख किड्याची, स्पिरिटमध्ये विरघळते. चिनी लाख म्हणजे झाडाचा चीक. झाड बिब्ब्याच्या कुळातलं, ओला चीक अंगाला लागला तर बिब्ब्यासारखाच उततो. तो दमट हवेत वाळून कडक होतो. त्यात गोऱ्या गिऱ्हाइकांसाठीच्या मालावर थर कमी चढवायचे. कोरड्या हवेत खालचं लाकूड आकसतं, वरचा थर तेवढा आकसत नाही, मग तो फुगून सुटतो. टेबल हीटरजवळ आहे का? ऊन येतं? ओलं फडकं मारलंत?

चिंचगूळ
हीटरला लागूनच आहे, दुसरीकडे जागा नाही. आणि हो, नवऱ्याने पुसलं ओल्या फडक्याने. आधी लिहिलं नाही कारण तो हा धागा वाचतो.

नवरा
वाचला.

गलबत
अवांतर : १७५७ ते १८४२ गोऱ्या व्यापाऱ्यांना चीनमध्ये एकच बंदर उघडं होतं, कँटन. म्हणून असला माल तिथलाच. मुंबईचे पारशीही तिथेच जायचे, जमशेटजी जीजीभॉय कितीतरी वेळा गेले. १८०५ साली ते ज्या जहाजात होते ते फ्रेंचांनी पकडलं होतं. पारशी बायकांची भरतकामाची साडी, गारा, तीही तिकडूनच आली.

ओसरी
आणि इथून काय जायचं ते नाही लिहिलंत. अफू.

गलबत
कापूसही जायचा.

पैसाफंड
विकून मोकळ्या व्हा. भारतात मात्र आणू नका, १९७२च्या कायद्यामुळे शंभर वर्षांवरची वस्तू परत बाहेर नेता येत नाही.

चिंचगूळ
मी विकायचं कुठे म्हटलंय??

सुतारपक्षी
चिंचगूळताई, इकडे लक्ष द्या. आधी खण काढा, मग दोघांनी खालून धरून टेबल आतल्या भिंतीशी न्या. ना पाणी, ना तेल, ना फेविकॉल. पडलेले पापुद्रे पाकिटात ठेवा, कुठले ते वर लिहा. तुमच्या जवळच सेलममध्ये पीबॉडी एसेक्स म्युझियम आहे, त्यांच्याकडे याच मालाचा मोठा संग्रह आहे. दुरुस्तीला कोणाकडे जावं ते तिथे विचारा. शनिवारपर्यंत काही होणार नाही. वर चादर टाकून ठेवा.

चिंचगूळ
हलवलं. सगळ्यात खालच्या खणाच्या मागच्या फळीवर शाईने काहीतरी लिहिलंय, चिनी आकडा असावा. पुसट आहे. कोणाला वाचता येतं का?

खटपट्या
थोडं तेल लावून बघा, उठून दिसेल.