मदत हवी आहे: फेअर हाउसिंगच्या अभ्यासासाठी कन्सल्टंट कसा निवडायचा?

नमस्कार मंडळी, अमेरिकेत राहणाऱ्यांपैकी कोणी शहराच्या हाउसिंग कमिटीवर काम केलंय का? आमच्या शहराला हडकडून (HUD, म्हणजे अमेरिकेचं केंद्रीय गृहनिर्माण खातं) सीडीबीजीचा, म्हणजे शहराच्या विकासासाठीच्या केंद्रीय अनुदानाचा निधी मिळतो, त्यासाठी पुढच्या ५ वर्षांचा कन्सॉलिडेटेड प्लॅन (निधी कशावर वापरायचा याचा आराखडा) करायचाय आणि सोबत फेअर हाउसिंगचाही अभ्यास, म्हणजे घर मिळताना कुणाशी भेदभाव होतो का याचा, म्हणून कन्सल्टंट नेमायचं चाललंय आणि आरएफपीच्या (कन्सल्टंटकडून प्रस्ताव मागवण्याच्या कागदाच्या) मसुद्यावर मला मत द्यायचंय.

माझी काळजी अशी की मागच्या वेळचा रिपोर्ट म्हणजे नुसते सेन्ससचे तक्ते होते, सर्व्हे फक्त इंग्रजीत आणि तोही ऑनलाइन, आणि मीटिंग भर दुपारी २ वाजता, कामावरचा माणूस येणार कसा? माझ्या ओळखीतली एक बाई दोन लहान मुलांना घेऊन घर बघायला गेली तर "दिलं भाड्याने" म्हणून सांगितलं, आणि जाहिरात पुढचा आठवडाभर तशीच! १९८८ च्या दुरुस्तीपासून मुलं असलेल्या कुटुंबांनाही फेअर हाउसिंग कायद्याचं संरक्षण आहे, पण तिला ते माहीतच नव्हतं. अशी माणसं रिपोर्टात यायलाच हवीत.

तर आरएफपीत दुभाषी, संध्याकाळच्या बैठका, भाडेकरूंशी प्रत्यक्ष बोलणं हे सक्तीचं करता येतं का? प्रस्तावांना मार्क देताना किमतीला किती वजन द्यावं? आणि कन्सल्टंटचे जुने रिपोर्ट मागवले तर त्यात नेमकं काय तपासायचं? मसुद्यावर मत द्यायला दोनच आठवडे आहेत, प्लीज सांगा.