पाथमध्ये डॉट टाकला तर काय बिघडतं?

प्रश्न: सोलापुरात इंजिनिअरिंगला आहे, लॅबमधला एकच लिनक्स सर्व्हर सगळी पोरं वापरतेत. स्वतःचा प्रोग्राम चालवताना दरवेळी डॉट-स्लॅश (./) मारायचा कंटाळा येतो म्हणून पाथमध्ये (कमांड ज्या फोल्डरांत ओळीनं शोधली जाते त्यांची यादी) डॉट टाकावा म्हणतोय, सिनियर नको म्हणतो पण कारण सांगेना.

उत्तर: नको टाकू भावा. डॉट म्हणजे तू आत्ता आहेस तो फोल्डर. समज कुणी टेंपमध्ये (/tmp, सगळ्यांना लिहिता येणारा फोल्डर) एलएस (ls, फायलींची यादी दाखवणारी कमांड) नावाची स्क्रिप्ट ठेवली अन् तू तिथं जाऊन एलएस मारलंस, डॉट पहिला असेल तर तीच चालणार, तेही तुझ्या परमिशनवर, तुझ्या फायली दुसऱ्याला उघड्या करणार आणि शेवटी खरी यादी दाखवणार, तुला पत्ताच नाही.

प्रश्न: मग डॉट शेवटी टाकला तर?

दुसरं उत्तर: तरी धोका आहेच, घाईत एलएसचं एसएल टाइप झालं अन् कुणी त्याच नावाची स्क्रिप्ट तिथं ठेवली असली की संपलं. आणि पाथमध्ये लागोपाठ दोन कोलन किंवा शेवटी नुसता कोलन राहिला तरी शेल (तुझ्या कमांड चालवणारा प्रोग्राम) त्या जागी चालू फोल्डरच धरतं, हे लई जणांना माहीत नसतं, echo $PATH करून बघच. स्वतःचे प्रोग्राम होममधल्या बिन फोल्डरमध्ये ठेव, तो पाथला जोड, कंटाळा पण जाईल. एसयू (su, पासवर्ड विचारून दुसऱ्या युजरचे अधिकार देणारी कमांड) मात्र कायम पूर्ण पाथ देऊनच मार.